घरातले दोन गुडघे

आमच्या घरात गुडघा म्हटलं की तो काकांचा. बाकीच्यांनाही गुडघे होते, पण ते नुसते पायाचा भाग होते. काकांच्या गुडघ्याला मान होता. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही राहायचो. रस्त्याकडच्या ओट्याला आम्हीही शेजारच्या तमिळ घरांसारखं तिण्णैच म्हणत असू. त्या तिण्णैवर काकांची वेताची आरामखुर्ची आणि खुर्चीपुढे एक बुटकं स्टूल. ते स्टूल गुडघ्याचं. त्यावर कुणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही. लहानपणी मी एकदा त्यावर पाटी ठेवली, तर आईने ती अशी झटकन उचलली की जणू मी देवघरात चपला नेल्या होत्या.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, धाकटे भाऊ. लग्नानंतर दोन वर्षांत बायको गेली, मूलबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही, ते आमच्यातच राहिले. एका सरकारी कचेरीत कारकून होते. तरुणपणी बॉल बॅडमिंटन खेळत. पिवळ्या लोकरीचा चेंडू, एका बाजूला पाच जण आणि मातीचं मैदान, असा तो आमच्याकडचा खेळ. कुंभकोणच्या संघाशी झालेल्या एका सामन्यात काकांचा उजवा गुडघा पिळवटला आणि तशा पायाने त्यांनी शेवटचा गुण मिळवून दिला, ही घरातली मुख्य हकिगत. मी ती शंभर वेळा तरी ऐकली असेन. मी पाच-सहा वर्षांची होते तेव्हाच्या हकिगतीत काका पडले होते आणि उठून खेळले होते. पुढे ते एका पायावर खेळले. माझी शाळा संपली तोवर त्यांना मैदानातून उचलून नेताना समोरच्या संघाचा कप्तान रडायलाही लागला होता.

घरातलं बोलणं मी इथे थोडं सारखं करून लिहिते आहे. ‘झालं’ला आम्ही ‘जालं’ म्हणत असू आणि वाक्यात दोन-चार शब्द तमिळ असत. ते तसंच लिहिलं तर वाचणाऱ्याला अडेल.

काकांचा गुडघा फार दुखत नसे. सकाळी उठताना जरा, पावसाळी हवेत जरा. पण या जरा दुखण्याची घरात जी बडदास्त होती ती एखाद्या मोठ्या आजाराला मिळाली नसती. दर शनिवारी मोहाचं तेल कोमट करून लावायचं. अमावास्येच्या सुमारास ठणका वाढतो असं काकांनी ठरवलं होतं, म्हणून त्या दिवशी चिंच आणि मीठ शिजवून त्याचा लेप. आणि अंडं. आम्ही सोवळ्यातली माणसं, अंडं हा शब्दही स्वयंपाकघरात कुणी काढत नसे. पण उडदाचं पीठ अंड्याच्या पांढऱ्यात कालवून पट्टी बांधली की सांधा आवळून येतो, असं एका हाड बसवणाऱ्याने सांगितलं, तेव्हा मागच्या अंगणात विहिरीपलीकडे वेगळ्या वाडग्यात अंडं फुटलं. अप्पांनी स्वतःच्या हाताने फोडलं. “औषध आहे,” म्हणाले, आणि वरून चार तांबे पाणी घेतलं.

माझा गुडघा दुखावला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पन्नासच्या दशकाची मधली वर्षं. शिक्षिका व्हायचं म्हणून ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकत होते. तिथे मागच्या बाजूला मैदान होतं आणि संध्याकाळी आम्ही मुली दावणीचा, म्हणजे परकरावरच्या अर्ध्या साडीचा, पदर कमरेला खोचून खेळत असू. त्या दिवशी मैदानावर पाणी मारलं होतं आणि एका कोपऱ्यात ते जिरलं नव्हतं. उंच आलेला चेंडू घ्यायला मी मागे धावले, उजवा पाय रोवला, अंग वळलं, पाय वळला नाही. आतून ओला सुंभ तुटल्यासारखा आवाज आला आणि मी बसले. चेंडू मात्र पलीकडे गेला होता. गुण आम्हाला मिळाला.

दोन मैत्रिणींनी मला जटक्यात घालून घरी आणलं. जटका म्हणजे आमच्याकडचा एका घोड्याचा टांगा. दारात आईने माझा सुजलेला पाय पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “कुणी पाहिलं?”

“मैदानावर होत्या त्या सगळ्यांनी,” मी म्हटलं.

“पुरुषमाणसं होती का?”

“माळी होता.”

माळ्याचं नाव ऐकून आईने कपाळाला हात लावला. अप्पा बाहेर आले. त्यांनी पायाकडे एकदा पाहिलं आणि गल्लीकडे दोनदा. “जिन्यावरून पडली असं सांगायचं,” ते म्हणाले. आमच्या घराला जिना नव्हता. हे लक्षात आल्यावर मग विहिरीच्या पायरीवरून पडले असं ठरलं आणि पुढची सात वर्षं मी त्या पायरीवरून पडत राहिले.

मला वाटलं होतं, निदान काकांना कळेल. तोच खेळ, तोच पाय. ते खुर्चीतून उठून माझ्या खाटेपाशी आले, हे त्या घरात मोठंच होतं. त्यांनी बोटाने सूज दाबून पाहिली.

“ताण बसलाय. बाकी काही नाही,” ते म्हणाले.

“आवाज आला, काका. आतून.”

“मुलींना फारसं लागत नाही. हाडं मऊ असतात.”

“मग ती अंड्याची पट्टी तरी बांधायची का?” मी विचारलं. मी मस्करी करत नव्हते. दुखत होतं.

उत्तर आईने दिलं. “लग्नाच्या मुलीच्या अंगाला अंडं लावायचं?” काका परत खुर्चीकडे गेले आणि स्टुलावर पाय ठेवून बसले.

मला चिंच-मिठाचा लेप मिळाला. तो वाळला की खाज सुटे आणि कातडी ओढली जाई. शिवाय दीड महिना हलायचं नाही अशी आज्ञा. गल्लीतल्या बायका पाहायला येत, विहिरीच्या पायरीबद्दल ऐकत आणि प्रत्येक जण एक उपाय ठेवून जाई. एकीने एरंडाची पानं सांगितली, एकीने तांदळाच्या कोंड्याचा शेक. एका वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं की वात आहे, आणि माझं तोंड सोडून घरातल्या सगळ्यांकडे पाहत पथ्य सांगितलं. कसं लागलं, पाय कुठे वळतो, कुठे वळत नाही, हे कुणी विचारलं नाही. त्या काळात मी स्वतःला फार हुशार समजत असे. तरी ते सगळं मी लावून घेतलं, प्यायले, आणि गप्प पडून राहिले. माझ्या त्या शहाणपणाबद्दल मला आजही काही चांगलं बोलता येत नाही.

दीड महिन्याने उठले तेव्हा सूज गेली होती आणि दुखणं उरलं होतं. तेही फार नाही. पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे एक बारीक कळ येई. पंगतीतून उठताना हात टेकावा लागे. वाटायला उकिडवं बसलं की थोड्या वेळाने पाय आपला वाटत नसे. कधी सरळ रस्त्यावर चालताना गुडघा एकदम सुटल्यासारखा होई आणि मी भिंत धरत असे. एवढंच. पण आईला त्या कळेशी काही घेणं नव्हतं, तिला चालण्याची काळजी होती. रोज दुपारी पुढचं दार लावून ती मला माजघरातून मागच्या दारापर्यंत चालवून घेई आणि स्वतः खांबाला टेकून पाहत बसे.

“लंगडतेस.”

“दुखतंय, आई.”

“दुखू दे. लंगडू नकोस.”

बाहेर तिण्णैवर काका मनासारखं लंगडत येत-जात होते. त्यांना पाहून रस्त्यावरची माणसं थांबत, “आज कसा आहे?” म्हणून विचारत. काका मांडीवर हात ठेवून म्हणत, “आहे.” या एका शब्दात किती सोसणं भरता येतं ते ऐकायला त्यांच्यासारखा गळा लागतो.

वर्ष उलटलं आणि सेलमहून एक स्थळ आलं. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. मुलाचे वडील तिण्णैवरच थबकले, कारण त्यांना काका दिसले, काठी दिसली, स्टूल दिसलं. त्यांनी चौकशी केली आणि काकांनी कुंभकोणचा सामना सांगितला. मी आत कॉफी गाळत होते, सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशीच्या हकिगतीत समोरच्या कप्तानाने काकांच्या पायाला हात लावून नमस्कारही केला. मुलाचे वडील म्हणाले, “खेळाडू माणूस. अशी माणसं आता मिळायची नाहीत.” आणि आत आल्यावर त्यांनी अप्पांना सांगितलं की असा भाऊ घरात असणं हे भाग्य आहे.

मग मला बाहेर आणलं. मी भजी दिली, कॉफी दिली, चटईवर बसले, एक पद म्हटलं. मुलाने एकदाच तोंड उघडलं, ते आणखी भजी आहेत का हे विचारायला. नंतर आईने सगळ्यांना नमस्कार कर म्हणून खूण केली. खाली वाकायचं, कपाळ टेकायचं, उठायचं, असं प्रत्येकापुढे. दोन नमस्कार झाले. तिसऱ्याला उठताना गुडघ्यात कट्‌ झालं. ते त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, आणि मी जमिनीवर हात टेकला.

“पायात काही आहे का?” आत्याने विचारलं.

“विहिरीच्या पायरीवरून पडली होती,” आई म्हणाली. “आता काही नाही.”

मी उभी राहिले. खरं बोलायचं असं मी आधी ठरवलं नव्हतं. पण अर्ध्या तासापूर्वी तिण्णैवर झालेलं कौतुक माझ्या कानात होतं. “बॉल बॅडमिंटन खेळताना लागलं,” मी म्हटलं. “उजवा गुडघा. काकांचाही उजवाच आहे.”

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे न पाहता अप्पांना विचारलं, “मुलींना खेळायला पाठवता?”

अप्पांनी घसा साफ केला. मी काकांकडे पाहत होते. एक शब्द पुरला असता. ‘आमच्या घरचा खेळ आहे’ एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. काकांनी कॉफीचा पेला उचलला, त्यात पाहिलं आणि तो रिकामा असूनही तोंडाला लावला.

आठ दिवसांनी पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर ती माणसं सेलमहून निघण्याआधीच जुळली होती. ते स्थळ गेल्याचं मला वाईट वाटलं नाही, भज्यांपलीकडे त्या मुलात मला काही दिसलं नव्हतं. पण त्या रिकाम्या पेल्यासाठी मी काकांशी कित्येक महिने धड बोलले नाही. त्यांना ते जाणवलं की नाही कोण जाणे. त्यांच्याशी बोलणारी माणसं गल्लीत पुष्कळ होती.

ट्रेनिंग संपल्यावर नोकरीसाठी प्रकृती ठीक असल्याचा दाखला लागत होता. तो घ्यायला मी मिशनच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि कागद नर्सकडे दिला. ती मलबारकडची पन्नाशीची बाई होती, लढाईच्या वर्षांत सैनिकांच्या इस्पितळात काम केलेली. शिक्का मारायच्या आधी तिने मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे न लंगडता चालले.

“छान लपवतेस,” ती तमिळमध्ये म्हणाली. “कुठला गुडघा?”

मी सांगितलं. तिने मला बाकावर निजवलं, शिंप्याची फीत काढली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. मग फीत माझ्यापुढे धरली. उजवी मांडी डावीपेक्षा दोन बोटं बारीक होती. वर्ष-दीड वर्ष मी तो पाय रोज चोळत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“दीड महिना निजवून ठेवलं असेल,” ती म्हणाली.

“हो. आणि रोज तेल लावते.”

“तेल वडे तळायला ठेव. गुडघ्याला धरून कोण ठेवतं? मांडी. मांडी वाळली तर तो कुणाच्या भरवशावर उभा राहणार?” तिने गुडघा वाकवून, आडवा ढकलून पाहिला. “आतला एक बंध ताणला गेलाय. तो पहिल्यासारखा व्हायचा नाही. पण एवढ्याने आयुष्य अडत नाही.”

मग तिने सांगितलं ते असं. पाठीवर निजायचं, डावा पाय दुमडायचा, उजवा सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा, दहा आकडे धरायचा, खाली ठेवायचा. असं वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. दोन आठवड्यांनी घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधायची. ज्या दिवशी सूज येईल त्या दिवशी थांबायचं आणि गार पाण्याची घडी ठेवायची, शेक द्यायचा नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चालायचं भरपूर, उकिडवं बसायचं कमी.

“हे कुणीच सांगितलं नाही?” तिने विचारलं.

“नाही.”

“किती जणांनी पाहिलं होतं?”

मी मोजलं. वैद्य आणि काका धरून अकरा. तिने शिक्का मारला आणि पुढच्या बाईला बोलावलं.

घरी मी चटई टाकून पाय उचलायला लागले तेव्हा मोठीच करमणूक झाली. ज्या उपायाला वास नाही, जो उकळावा लागत नाही, ज्याला पथ्य नाही, तो उपाय आहे यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. अप्पांनी विचारलं, “दवाखान्यात याला औषध म्हणतात?” काका खिडकीतून म्हणाले, “पाय हवेत उचलून गुडघे बरे होत असते तर मी वीस वर्षं तेल कशाला लावलं असतं?” त्यांच्या प्रश्नातच उत्तर होतं, पण ते त्यांना दाखवण्याइतकं आमचं बोलणं तेव्हा नव्हतं. आणि मीही काही फार शूर नव्हते. पहिले पंधरा दिवस पाय उचलून झाल्यावर मी गुपचूप तेलही लावत होते.

दोन आठवड्यांनी पिशवी बांधली. जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी, तीत नदीची वाळू. तीन महिन्यांनी गुडघा रस्त्यात सुटायचा थांबला. सहा महिन्यांनी मी एका पायावर दहा उड्या मारू शकले. पार बरा झाला असं नाही. पावसाळी हवेत आणि फार वेळ मांडी घालून बसलं की कळ येई, अजूनही येते. पण ती येते आणि जाते, तिच्यासाठी स्टूल लागत नाही.

मला तिरुवैयारुच्या एका शाळेत नोकरी मिळाली. रोज सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी परत. शाळेला मैदान होतं, मुली होत्या, आणि खेळ शिकवायला कुणी तयार नव्हतं. मी तयार झाले. घरी सांगितलं नाही. आता मी मागच्या रांगेत खेळत असे, उंच चेंडूसाठी मागे धावत नसे, ओल्या मातीवर पाय टाकत नसे.

तिसऱ्या वर्षी एका अमावास्येला शाळा सकाळचीच होती. सुटल्यावर बसला वेळ होता म्हणून मी कावेरीच्या घाटावर गेले. माणसं तर्पणाला आली होती. वरच्या मंडपाच्या सावलीत उभी होते, तेव्हा मला काका दिसले. अमावास्येला ते तिरुवैयारुला जातात हे मला ठाऊक होतं. घरातून निघताना अप्पा त्यांना हाताला धरून बसपर्यंत पोचवत असत.

काकांनी काठी बगलेत मारली होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ओल्या धोतराचा पिळा. ते घाटाच्या पायऱ्या उतरत होते, आणि त्या पायऱ्या आमच्या विहिरीसारख्या बुटक्या नव्हत्या. एकामागून एक, न थांबता, न धरता, खाली जाऊन तांब्या भरून ते तसेच वर आले. माझ्यापासून दहा हातांवर त्यांना आमच्या गल्लीतले एक पेन्शनर समोरून येताना दिसले. बगलेतली काठी खाली आली. उजवा पाय जड झाला. चेहऱ्यावर ते ओळखीचं सोसणं आलं.

“आज कसा आहे?” पेन्शनरांनी विचारलं.

“आहे,” काका म्हणाले.

मी पुढे झाले नाही. घाटावर मी काही बोलले असते तर ते फार वाईट बोलले असते. पण परतीच्या बसमध्ये ते चढले आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ते बसले. बस कालव्याच्या कडेने जात होती, दोन्हीकडे भाताची खाचरं.

“काका, घाटाला पायऱ्या किती आहेत हो?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “मोजल्या नाहीत.”

“मी वरून पाहत होते.”

मग ते म्हणाले, “दुखत नाही असं नाही. सकाळी उठताना दुखतो.”

“आणि दिवसभर?”

“दिवसभर लोक विचारतात,” ते म्हणाले.

मला राग आला होता आणि तो पुरेसा होता. मी म्हटलं, “मला नाही कुणी विचारलं.” तंजावरच्या स्टँडवर अप्पा त्यांना घ्यायला आले होते. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उतरले.

दोन-तीन आठवडे गेले. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. काका आले आणि विहिरीच्या कठड्यापाशी उभे राहिले.

“ती वाळूची पिशवी केवढी होती?”

“कशाला हवी?”

“असंच.”

“असंच वाळू घेऊन काय करायचं?” मी त्यांना सोडणार नव्हते.

“दुखतो गं,” ते म्हणाले. “सकाळचा खरंच दुखतो. पूर्वी इतका दुखत नसे. आता पाटावरून उठताना दाराची चौकट धरावी लागते, आणि तेव्हा कुणी बघायलाही नसतं.”

मी शिकवलं. अट त्यांनी घातली की दार लावून आणि घरात कुणाला न सांगता. मागच्या खोलीत त्यांनी चटईवर पाय पसरला, धोतर मांडीपर्यंत घेतलं, आणि मी तो पाय पहिल्यांदा नीट पाहिला. मांडी वाळलेल्या दोडक्यासारखी झाली होती. वीस वर्षांच्या मानपानाने, तेलाने आणि स्टुलाने ते काम केलं होतं. घाटाच्या पायऱ्या ते कशाच्या जोरावर चढले असतील कोण जाणे. मला कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

“दहा आकडे,” मी म्हटलं.

सहाव्या आकड्याला पाय खाली आला. “उद्या करू,” ते म्हणाले.

“आत्ता.”

त्यांनी केलं. महिना झाला, दोन झाले. सकाळी चौकट धरणं बंद झालं. हे मला दिसत होतं, आईला दिसत होतं, पण ती शनिवारच्या तेलाला श्रेय देत होती. बाहेर काठी होतीच. खुर्ची होती, स्टूल होतं, “आहे” होतं. खोलीत माझ्यासमोर ते वाळूची पिशवी बांधून वीस वेळा पाय उचलत आणि दार उघडलं की लंगडत बाहेर जात.

मी एकदा त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं. पुढचं स्थळ येईल तेव्हा विहिरीची पायरी सांगायची नाही, जे झालं ते सांगायचं, आणि ते काकांनी सांगायचं. “बरं,” ते म्हणाले. स्थळ आलं, दोन गल्ल्या सोडून राहणारं, आमच्यातलंच, मुलगा बँकेत. काका कलेक्टरांच्या बदलीबद्दल बोलत राहिले. मी थोडा वेळ वाट पाहिली. मला फारशी आशा नव्हती, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. मी मुलालाच सांगितलं. त्याने विचारलं, “आता खेळता का?” मी हो म्हटलं. आईच्या हातातलं फराळाचं ताट वाजलं, कारण तिला हे तेव्हाच कळत होतं. मुलगा म्हणाला, “मग गुडघा बरा असणार,” आणि त्याच्या आईने पत्रिका पुन्हा एकदा पाहायला मागितली. पत्रिका जुळली. लग्नात होमापुढे मला मांडी घालून बसवेना म्हणून मी दोन पाट एकावर एक मागून घेतले. भटजी नाराज झाले आणि पुढचे मंत्र भराभर म्हणाले, त्याचा फायदाच झाला.

साठचं दशक अर्धं सरलं तेव्हा काका निवृत्त झाले. कचेरीत निरोपसमारंभ होता. मी आणि माझे यजमान गेलो होतो. एका अधिकाऱ्याने भाषण केलं. त्याने कामाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि गुडघ्याबद्दल दहा. एवढी व्यथा घेऊन हा माणूस तीस वर्षं वेळेवर आला, एकदाही तक्रार केली नाही, असं तो म्हणाला. शेजारच्या बाई डोळे टिपत होत्या. कुंभकोणच्या सामन्याचाही उल्लेख झाला. मग काकांना व्यासपीठावर बोलावलं. तीन पायऱ्या होत्या. काकांनी प्रत्येक पायरीवर थोडं थांबून, काठी टेकत, त्या चढल्या. हार घातल्यावर त्यांची नजर एकदा माझ्याकडे आली आणि लगेच दुसरीकडे गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. यजमानांनी हळूच विचारलं, “तू का वाजवतेस?”

घरी येताना जटक्यात काका माझ्यासमोर बसले होते, गळ्यात हार तसाच. अप्पा पुढे गाडीवाल्याशी बोलत होते. काका पुढे वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “गडबडीत सकाळचे वीस राहिले.”

“मग आता करा,” मी म्हटलं.

घरापुढे जटका थांबला. अप्पांनी हात दिला, काका त्यांच्या खांद्याला धरून उतरले आणि तिण्णैपाशी जमलेल्या माणसांना नमस्कार करत आत गेले. मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज मी अंगणातून ऐकला.